ठगूबाईची बारी

ऐका. ही गोष्ट आंजनपाड्याची, आणि फार वर्षांपूर्वीची. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर तांबडी नदीवरचा बंधारा तेव्हा नवा होता आणि त्याच्या दगडांना अजून शेवाळ धरलं नव्हतं.

त्या बंधाऱ्यातून एक पाट निघायचा. पहिल्यांदा देशमुखांच्या मळ्याला लागायचा आणि दोन कोस फिरून शेपटाला, भिलाटीच्या, म्हणजे भिलांच्या वस्तीच्या, खालच्या तुकड्यांत संपायचा. पाण्याचा कायदा सगळ्या गावानं एकत्र बसून केला होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण पोरासोरांना पाठ होता. पाणी बारीनं घ्यायचं. बारी म्हणजे पाळी. ज्याची बारी त्याच्या शेताचं दार उघडं, बाकीच्यांची बंद. पाणी कमी पडलं तर सगळ्यांनाच कमी. बस, एवढाच कायदा.

तो राखायला एक पाटकरी असायचा. पाटाकाठानं चालायचं, दारांच्या फळ्या उचलायच्या आणि टाकायच्या, हे त्याचं काम. धनजी पाटकरी सापानं गेला तेव्हा त्याची बायको ठगूबाई चावडीवर आली आणि म्हणाली, "अकरा वर्षं मी त्यांच्या मागं पाट चालले. हे काम मला द्या."

लोक हसले. बाई आणि पाटकरी?

"पाण्याला कळतं का, फळी बाईनं उचलली का बुवानं?" ती म्हणाली.

आणि काम तिला मिळालं.

आमच्याकडं पोरं जगत नसली की जन्मलेल्याचं नाव मुद्दाम वाईट ठेवतात, दैवाची नजर लागू नये म्हणून. तसं तिचं नाव ठगू. पण तिनं कोणाला ओंजळभर पाण्यालाही ठगवलं नाही. असं म्हणतात, ती पाटात पाय बुडवायची आणि हे पाणी कोणाच्या शेतात चाललंय ते सांगायची. तिचा सख्खा भाऊ गुलाब, त्याचं शेत मधल्या फडात, म्हणजे पाटाच्या मधल्या पट्ट्यात. त्यानं एकदा घटकाभर जास्त पाणी मागितलं. ती म्हणाली, "संध्याकाळी जेवायला ये, पोटभर वाढीन. इथं नाही."

मग सलग दोन पावसाळे कोरडे गेले. नदीची धार बोटाएवढी झाली. बारी नऊ दिवसांनी यायची ती एकोणीस दिवसांनी येऊ लागली. एके सकाळी अमृतराव देशमुख घोड्यावरून पाटावर आले. गाव त्यांना जिभाऊ म्हणायचं.

"ठगू, माझा ऊस वाळतोय. दार उघड."

"आज बारी शेपटाच्या नवश्या भिलाची आहे, जिभाऊ. तुमची यायला अजून बारा दिवस आहेत."

"हा कायदा माझ्या आज्यानं केला."

"गावानं केला. तुमचे आजे त्यात बसले होते. आणि त्यांनी जन्मात बारी मोडली नाही, म्हणून त्यांचं नाव घेतात."

देशमुखांनी घोडा वळवला. दुपारी त्यांचे आठ गडी लाठ्या घेऊन आले आणि त्यांनी मळ्याची फळी उपटून काढली. तेव्हा ठगूबाई उठली आणि त्या दारात, पाण्याच्या तोंडाशीच, पाण्याकडं पाठ करून बसली. चौघांनी तिला उचलायचा प्रयत्न केला. असं म्हणतात, ती हललीच नाही, बंधाऱ्याचा दगड हलावा तर ती हलेल. आणि असं म्हणतात, पाणी तिच्या पाठीशी आलं, खांद्यापर्यंत चढलं, थबकलं, आणि मागं फिरून नवश्याच्या शेताकडं गेलं. गुलाब बहिणीला वाचवायला धावला, तर एका लाठीनं त्याचा हात मोडला.

देशमुखांना कळलं की लाठीनं हे जमायचं नाही. मग त्यांनी पंच बोलावले. सगळे आपलेच. पंचांनी ठराव केला की ठगूबाई पाटकरीण नाही, आणि वरच्या मळ्याला लागेल तेव्हा पाणी घेता येईल. गावात दवंडी फिरली.

ठगूबाई चावडीवर गेली. "कायदा बदललात. शेपटाचा एक तरी माणूस बोलावला होता का?"

"बसायला जागा नव्हती," एक पंच म्हणाला.

"मग हा कायदा नाही. ही चोरीच, फक्त दवंडी पिटून केलेली."

तिच्या हातून फळी गेली, पण पाय तर तिचेच होते. ती रोज सकाळी शेपटापासून मळ्यापर्यंत पाट चालायची आणि प्रत्येक दारापाशी ओरडायची, "आज बारी नवश्याची! पाणी देशमुखाकडं चाललंय!" दुसऱ्या दिवशी, "आज बारी गुलाबची! पाणी देशमुखाकडं चाललंय!" तिच्या अंगावर कुत्री सोडली. तिचं झोपडं पाडलं. ती चिंचेखाली राहिली आणि सकाळी पुन्हा ओरडत निघाली. लोक घराची दारं लावून घ्यायचे. पण दार लावलं म्हणून कान थोडेच लागतात?

आठवड्यानं मधल्या फडातला एक जण म्हणाला, "देशमुखांना चालतं तर मला का नाही?" त्यानं मळ्याच्याही वर जाऊन पाट फोडला. त्याच्या शेजाऱ्यानं त्याच्याही वर फोडला. दोन दिवसांत पाटाची चाळण झाली. सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडली. असं म्हणतात, महिनाभर पुरेल एवढं पाणी तीन दिवसांत वाळूत जिरलं. ते नवश्याला मिळालं नाही, गुलाबला मिळालं नाही, आणि देशमुखांच्या उसालाही मिळालं नाही.

तेव्हा गाव चिंचेखाली आलं. "ठगूमाय, काहीतरी कर."

"माझ्याकडं काय येता? कुदळी घ्या आणि पाटावर चला."

चार दिवस गाव राबलं. पाट बुजवला, बांधला. पाचव्या दिवशी पाटाकाठीच सभा भरली. शेपटाचे लोक त्या दिवशी पहिल्या ओळीत बसले. जुना कायदा पुन्हा एका तोंडानं म्हटला गेला आणि ठगूबाईच्या हाती दारं आली. देशमुख सभेला आले नाहीत. जिथं बारी मोडली होती, तिथूनच मोजणी धरली. नवश्याला पाणी मिळालं, गुलाबला मिळालं, आणि एकेक करत मोजणी देशमुखांच्या मळ्यापाशी आली.

त्या सकाळी सगळं गाव मळ्याच्या दारापाशी उभं होतं. हातात कुदळी, मुठीत दगड. सगळ्यांत पुढं गुलाब, मोडका हात गळ्यात बांधलेला.

"फळी उचलू नकोस, ठगू. त्याला थेंब द्यायचा नाही. वाळू दे त्याचा ऊस."

"आज बारी त्याची आहे."

"त्यानं तुझं घर पाडलं! माझा हात मोडला!"

"त्याचा जाब पंचायतीत घेऊ. नवे पंच बसतील, तिथं त्याला तुझ्यासमोर उभा करू. इथं फक्त बारी बघतात."

"तू माझी बहीण का त्याची?"

ठगूबाई त्याच्याकडं वळली. "घरी तुझी, भाऊ. या दारावर मी कोणाचीच नाही. आज रागापायी त्याची बारी मोडलीत, तर त्यानं केलं ते बरोबरच होतं. फक्त लाठी त्याच्या हातातून तुमच्या हातात आली, एवढंच."

आणि तिनं फळीला हात घातला. गर्दीतून दगड आला. कोणी मारला ते आजवर कोणी सांगितलं नाही. तो तिच्या कपाळाला लागला. ती गुडघ्यावर बसली, पण फळी तिनं उचललीच. असं म्हणतात, तिच्या रक्ताचे तीन थेंब पाटात पडले आणि मळ्याकडं जाणारं सगळं पाणी लाल झालं.

देशमुख उसात उभे होते. त्यांच्या पायाशी लाल पाणी आलं. ते त्या पाण्याच्या काठाकाठानं, धारेच्या उलट दिशेनं चालत निघाले, आणि दारापाशी पोचले तेव्हा त्यांच्या पायांत जोडा नव्हता, डोक्यावर पागोटं नव्हतं. त्यांना वाट द्यायला कोणी सरकलं नाही. ते गर्दीतून अंग चोरून आत आले. ठगूबाई पदर कपाळाला दाबून बसली होती. त्यांनी कोणाकडं पाहिलं नाही. बारी संपेपर्यंत ते उन्हात उभे राहिले. सूर्य माथ्यावरून कलला तेव्हा ते हळूच म्हणाले, "ठगूमाय, बारी संपली. फळी टाक."

"माझ्यात आता जोर नाही," ती म्हणाली. "तुम्ही टाका."

देशमुखांनी आपल्या हातानं आपलंच पाणी बंद केलं. असं म्हणतात, त्या क्षणी पाटाचं पाणी पुन्हा काचेसारखं निवळ झालं. पुढं पंचायतीनं त्यांना जबाब द्यायला लावला. त्यांनी झोपडं बांधून दिलं, आणि गुलाबचा हात बरा होईतो त्याच्या शेतात आपली बैलजोडी चालवली. गुलाब मात्र वर्षभर बहिणीशी बोलला नाही. हेही खरं, ते लपवायचं कशाला.

ठगूबाई म्हातारी होऊन गेली. पण आंजनपाड्यात आजही आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सकाळी पाट सुटतो, तेव्हा गावात त्या वर्षी ज्याचा शब्द सगळ्यांत जड, सरपंच असो, सावकार असो, नाहीतर कोणा पुढाऱ्याचा जावई, त्याला अनवाणी पाटावर आणतात. सगळ्या गावासमोर त्यानं आपल्या शेताचं दार आपल्या हातानं बंद करायचं. त्याशिवाय पाणी पुढं जात नाही. याला ठगूबाईची फळी म्हणतात.

परवाच्या सालची गोष्ट. वरच्या अंगाला जमीन घेतलेला एक नवा बागायतदार आला. त्यानं पाटात मोटर टाकली आणि फळीला हात लावायला नकार दिला. फोन कानाला लावून म्हणाला, "मी वर बोलून ठेवलंय. मला कोणी अडवू शकत नाही."

आताची पाटकरीण शेपटाकडचीच, नवश्याच्या कुळातली. तिनं मोटरीचा पाइप पाटातून बाहेर ओढून काढला आणि काठावर बसली. तिच्या शेजारी एक म्हातारा बसला, मग दोन बाया, मग बघता बघता सगळं गाव.

"बोला की वर," ती म्हणाली. "कितीही वर बोला. तुमची बारी गुरुवारी."