स्टेशनवर कुणी नको

“तुम्ही घर सोडलंत तेव्हा कुणाला विचारलं होतं?”

आल्या आल्या रेवतीने हाच प्रश्न टाकला. दंडवत प्रणाम म्हणाली, तेही घाईघाईत.

गोदाबाई ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. काळं लुगडं नेसलेल्या, आश्रमातल्या सगळ्यात जुन्या तपस्विनी.

“सगळ्यांना विचारलं,” त्या म्हणाल्या. “सगळे नाही म्हणाले.”

“आणि तरी निघालात!”

बाईंनी तेलाची वाटी बाजूला सरकवली.

रेवतीला तेवढंच हवं होतं. बाईंना गुरू मानणाऱ्या तिच्या बाबांनी एकटीने फिरायला जाण्यासाठी अट घातली होती: बाई हो म्हणाल्या तर जा, नाहीतर गुमान घरी बस. बँकेत नोकरी करणारी कमावती पोर, पण आजवर एक रात्र एकटीने परगावी काढली नव्हती! याची तिला भारी चीड होती. यंदा काय वाट्टेल ते झालं तरी जायचंच, असा हट्ट धरूनच ती आली होती.

तिने मोबाइल बाईंच्या नाकासमोर धरला. बेत पक्का होता. बडनेऱ्याहून रेल्वेने रायपूर. तिथून बसने जगदलपूर. मग बोगद्यांतून जाणाऱ्या गाडीने विशाखापट्टणम. शेवटी पुरी, आणि परत.

“रायपुरात उतरलीस की?”

“मावसकाका येतील न्यायला.”

“जगदलपुरात?”

“बाबांचे मित्र आहेत.”

“समुद्राच्या गावी?”

“आत्याची नणंद…” रेवतीचा आवाज बारीक झाला. “आणि पुरीला बाबांच्या ओळखीची धर्मशाळा.”

“मग एकटी कधी असशील गं?”

“गाडीत!” ती फणकारली. “बाबांनीच लावून दिलंय सगळं. नाहीतर ते ऐकूनच घेत नव्हते.”

भिक्षेची वेळ झाली होती. बाईंनी खुंटीवरची झोळी काढली आणि सरळ रेवतीच्या खांद्यावर अडकवली.

“गुडघा धरलाय माझा. आज तू चल.”

“मी? कोणाच्या घरी?”

“मला काय माहीत! माहीत असतं तर त्याला आमंत्रण म्हटलं असतं. दारात उभी राहा. मिळालं तरी दंडवत, नाही मिळालं तरी दंडवत.”

पहिल्याच दारात एक बाई सूप घेऊन बाहेर आली. झोळीकडे बघितलं, रेवतीकडे बघितलं.

“काहून वं पोरी, हातपाय धड हायेत ना? काम कर न!”

रेवतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बँकेतली नोकरी अगदी ओठांवर आली होती. तिने मागे वळून पाहिलं, तर गोदाबाई लांब चिंचेखाली उभ्या, भलतीकडेच बघत. मेली काय परीक्षा ही!

तिने हात जोडले आणि पुढे गेली.

दुसरं दार उघडलंच नाही.

तिसऱ्या दारात एक म्हातारा बाजेवर बसला होता. तो उठला, आत गेला आणि भाकरीवर वांग्याची भाजी घालून घेऊन आला.

“कुठची वं तू?”

“वाटेवरची,” रेवती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

दोघी चिंचेखाली जेवल्या. भाकरी गार होती. रेवतीने ती चाटूनपुसून खाल्ली.

मग हात धुऊन तिने बाबांना फोन लावला.

“बाबा, मावसकाकांना सांगा, स्टेशनवर येऊ नका. कुणीच यायला नको. माझं मी बघेन.”

पलीकडून आवाज चढला. “डोकं फिरलंय का तुझं? बाईंना दे फोन!”

रेवतीने फोन पुढे केला. बाई झोळी उलटी करून चिमण्यांना चुरा झटकत होत्या. त्यांनी हात पुढे केला नाही. रेवतीने “मग बोलते” म्हणून फोन ठेवला.

“बाई, तुम्ही एकदा हो म्हणा ना. बाबा तेवढ्यासाठीच अडलेत.”

“आणि मी नाही म्हणाले तर?”



रेवती उठून उभी राहिली.

“तर नाही म्हणा. मी तरी जाणार.”

गोदाबाईंनी पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं.

“हं… ठरलं ना तुझं? आता विचार मला.”