आटलेल्या तळ्यातला मरळ

पूर्वी चंपकनगरीत सुप्रतीक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या तळ्यात मरळ मासा होऊन जन्मले. एका उन्हाळ्यात ते तळे आटत आटत डबक्याएवढे उरले. कुजलेल्या पाल्याने पाणी काळे पडले, त्यातला प्राणच निघून गेला.

त्या पाण्यात पिंगा नावाची रोहू जातीची मासळी राहत होती. ती तोंडाने पाणी घेई, कल्ल्यांतून सोडी, पण श्वास काही मिळत नसे. एरवी पोटातल्या हवेच्या पिशवीवर सहज तरंगणारे मासे तिच्या डोळ्यांदेखत तोल जाऊन कलंडत होते. वर जावे तर बगळे टपलेले. एका कोपऱ्यात खडकाखालून झऱ्याचे ताजे पाणी येई, पण तिथे पाणमांजराचे बीळ होते.

मरळ मात्र वर जाऊन हवेचा घोट घेऊन येई. पिंगा त्याला म्हणाली, "दादा, तुम्हाला वरची हवा चालते. चिखलातून सरपटत तुम्ही नदी गाठाल. आमच्यापायी इथे का थांबता?"

बोधिसत्त्व म्हणाले, "तुम्हाला असं तडफडताना टाकून मला जाववत नाही. मी पाणमांजराला दूर नेतो. पाणी गढूळ झालं की सगळे झऱ्याकडे निघा."

त्यांनी बिळाच्या तोंडाशी शेपटी आपटली. पाणमांजर झेपावले. पिंगा भीतीने जागची हलेना. गढूळ पाण्यात एक केसाळ अंग तिला घासून गेले, तेव्हा कुठे ती निघाली. थंड पाणी कल्ल्यांत शिरले आणि तिला श्वास मिळाला.

पाणमांजर पलीकडच्या चिखलात रुतले. धडपडत सुटले ते नदीकडे निघून गेले. बोधिसत्त्व परतले, पण पाणमांजराच्या दातांनी त्यांची एक कूस फाटली होती. ते तळाशी जाऊन पडले. वरच्या हवेवाचून मरळ पाण्यातही गुदमरतो.

"मला आता वर जाता येत नाही," ते म्हणाले.

पिंगेने वर पाहिले. बगळ्यांचे पाय पाण्यात उभे होते. ती एकदा मागे सरली. तरी ती त्यांच्या पोटाखाली शिरली आणि त्यांना वर रेटू लागली. मग आणखी मासे आले. वर पोचताच चोच आली, पिंगेच्या पाठीचे खवले उडाले. ती खाली सरली नाही. बोधिसत्त्वांनी हवेचा घोट घेतला. जखम भरेपर्यंत मासे त्यांना असेच वर नेत राहिले.

एवढे सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, ते पाणमांजर म्हणजे परवा आपल्यावर दगड भिरकावणारा तो माणूस. पिंगा म्हणजे महारोग्यांची शुश्रूषा करणारी भिक्षुणी सुमेधिका. तो मरळ मीच होतो. त्या जन्मी मी करुणा आचरली, आणि हिने भीत भीत तीच आचरली."