अध्यक्षांना हवी विद्यार्थ्यांची सवलत

अडीच लाखांचं सॉफ्टवेअर बाराशे रुपयांत, तेही स्वतःच्या नावावर आणि एकही खोटा कागद न करता, आठ दिवसांत हजर झालं पाहिजे, असा हुकूम भाऊसाहेब कोंडगुळ्यांनी सोडला. त्यांच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एकाही विद्वानाला 'हे होणार नाही' म्हणायचं धाडस झालं नाही. तिथले विद्वान पगार घेतात तोच मुळी माना डोलवायचा.

भाऊसाहेब संस्थेचे संस्थापक-अध्यक्ष. नावामागे डॉक्टर लावतात. ही पदवी ज्या विद्यापीठानं दिली ते अजून कुणाला सापडलेलं नाही. एका लग्नात शेजारच्या तालुक्यातल्या अध्यक्षांनी स्वतः कॉम्प्युटरवर काढलेला बंगला मोबाइलवर गोलगोल फिरवून दाखवला आणि तेव्हापासून भाऊसाहेबांना अन्न गोड लागेना. आपणही स्वतःच्या हातानं कॉलेजची कमान काढायची, माणसाहून उंच अक्षरांत आपलं नाव असलेली, असं त्यांनी ठरवलं. विकणाऱ्यानं त्या सॉफ्टवेअरची किंमत सांगितली अडीच लाख. मग कळलं की त्यांच्याच कॉलेजातली मुलं तेच सॉफ्टवेअर बाराशेत घेतात, कारण नकाशे काढणाऱ्यांच्या आरेखक परिषदेच्या विद्यार्थी सदस्यांना ते सवलतीत मिळतं.

"पोरं बाराशेत घेत्यात आन् मी अडीच लाख मोजू?" भाऊसाहेब कडाडले. "कॉलेज माझं, पोरं माझी, मग त्यांची सवलत बी माझीच की!"

या तर्कशास्त्रावर प्राचार्यांनी मान डोलावली. कॉम्प्युटर विभागप्रमुखांनी तीन जणांची समिती नेमली. समिती दोनदा बसली, दोन्ही वेळा कांदाभजी खाऊन उठली आणि विषय गहन असल्याचा अहवाल तिनं दिला. एकानं एखाद्या मुलाच्या नावावर घेऊन टाकू असं सुचवलं, पण मागच्याच वर्षी खोट्या दाखल्यांवरून संस्थेचं नाव पेपरात आलं होतं. भाऊसाहेबांचं सत्यप्रेम तेव्हापासूनचं.

शेवटी हे काम घरंगळत सगळ्यात खालच्या माणसापर्यंत आलं. वैजयंता हिरुगडे. कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकवणाऱ्या, तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवतील तितकेच पैसे. नऊ वर्षं दर एप्रिलमध्ये त्यांना नारळ मिळायचा आणि दर जुलैत पुन्हा बोलावणं यायचं. भाऊसाहेबांनी त्यांना सांगून टाकलं, की काम झालं तर ठीक, नाहीतर येत्या जुलैत यायचे कष्ट घेऊ नका. बाईंच्या घरात तेवढीच एक कमाई येत होती.

समितीतल्या तिघांना जे सुचलं नव्हतं ते बाईंनी केलं. परिषदेचे नियम वाचले. तिसऱ्या दिवशी त्या अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेल्या. तिथे प्राचार्य आणि समिती चहा-भजी घेत बसलीच होती. बाईंनी कॉलेजच्याच संध्याकाळच्या, कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या अभ्यासक्रमाचा प्रवेश अर्ज भाऊसाहेबांपुढे ठेवला आणि सांगितलं, याला वयाची अट नाही. साहेबांनी प्रवेश घेतला की साहेब खरेखुरे विद्यार्थी. खऱ्या विद्यार्थ्याला खरं सदस्यत्व, आणि सदस्याला बाराशेत सॉफ्टवेअर.

प्राचार्यांनी कप खाली ठेवला. "अहो, साहेब डॉक्टर आहेत!"

"डॉक्टरांना शिकायला बंदी असल्याचं नियमात कुठं दिसलं नाही, सर," बाई म्हणाल्या.

भाऊसाहेब आधी लाल झाले. मग त्यांना अडीच लाख आठवले आणि रंग उतरला. वर्गात बसावं लागेल का, असं त्यांनी हळूच विचारलं. पंच्याहत्तर टक्के हजेरी लागेल, नाहीतर कागद खोटा ठरेल, असं उत्तर आलं. त्यांनी प्रवेश अर्जावर सही केली, सदस्यत्वाच्या अर्जावरही केली. तिथं एकच चौकोन रिकामा राहिला होता, शिक्षकाच्या सहीचा.

प्राचार्यांनी पेन काढलंही. बाईंनी अर्ज बाजूला ओढला. सही त्याच विषयाच्या कायम शिक्षकाची लागते, असा नियम होता. प्राचार्यांचा विषय रसायनशास्त्र.

"मग त्या विषयाचा कायम मास्तर बोलवा की," भाऊसाहेब म्हणाले.

कुणीच उठेना. प्राचार्य पंख्याकडे बघू लागले. ती जागा नऊ वर्षं रिकामी होती, आणि ती कुणी रिकामी ठेवली होती हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

"आरं, मग हितं ह्यो विषय शिकवतंय कोण?"

"मी, साहेब."

"मग करा की सही!"

"माझी चालत नाही. मी जुलैत उगवते आणि एप्रिलमध्ये मावळते." बाईंनी पिशवीतून आणखी एक कागद काढला. त्यांचाच नेमणुकीचा आदेश. मुलाखत झालेली, विद्यापीठाची मान्यता आलेली, आणि सहा वर्षं फक्त अध्यक्षांच्या सहीसाठी अडलेला. "आधी तुमची सही यावर होऊ दे. मग माझी त्यावर करते."

भाऊसाहेबांनी दोन्ही कागद उलटसुलट करून पाहिले. वर्षाचा पगार किती होतो हे त्यांना तोंडपाठ होतं. "आन् न्हाई केली तर? अडीच लाख टाकून बाजारातनं आणलं तर?"

"आणा की, साहेब. पण ते चालवायला शिकवणार कोण? समिती?" बाईंनी भज्यांच्या बशीकडे पाहिलं. "सॉफ्टवेअर सवलतीत मिळतं. शिकवणारं माणूस तेवढं पुऱ्या भावानं घ्यावं लागतं."

भाऊसाहेबांनी समितीकडे पाहिलं. तिघांनीही सवयीनं माना डोलावल्या. ते पाहून भाऊसाहेबांना असं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं आणि टेबलावरचा चहा सांडला. हसता हसताच त्यांनी आदेशावर सही ठोकली.

त्या वर्षी वैजयंताबाईंना पहिल्यांदाच मे महिन्याचाही पगार मिळाला.