बयजाआक्का, पांघर गं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की हिवरदऱ्याला तेव्हा सडक नव्हती आणि डोंगरापलीकडच्या बाजाराला निघायचं तर माणसं भाकरी बांधून निघायची. त्या हिवरदऱ्यात बयजा नावाची एक बाई राहायची. नवरा तरणाताठा गेला होता. दोन लेकरं झाली, दोन्ही पाळण्यातच गेली. मागं राहिलं परसातलं आवळीचं झाड, चिनी मातीची एक बरणी आणि माहेराहून आणलेली शिवणीची कला. तिचा टाका मुंग्यांच्या रांगेसारखा सरळ जायचा, असं म्हणतात.

बाजरीची खुडणी झाली, शेंगा घरात आल्या, की कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात गावच्या बाया पाटलांच्या अंगणात गोधड्या शिवायला जमायच्या. जुनी लुगडी, विरलेली धोतरं थरावर थर अंथरायच्या, चारी बाजूंनी बसायच्या आणि शिवता शिवता गाणी म्हणायच्या, एकमेकींच्या सासवांच्या नकला करायच्या. बयजाही यायची. येताना मोरावळ्याचा वाडगा भरून आणायची, गुळात मुरलेला, मधासारखा तांबूस. बाया बोटं चाटून खायच्या. पण गोधडीला तिचा हात लागू द्यायच्या नाहीत. पाटलीण मंजुळाबाईनं पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, "बयजे, तू नुसता दोरा ओवून दे. आमची लेकराबाळांची घरं. तुझ्या हातचा टाका नको."

बयजा बरं म्हणाली. सुगीमागून सुगी ती कडेला बसून सुया ओवत राहिली. तिचा आवळा चालायचा, हात चालायचा नाही. तिला वाईट वाटायचं. पण भाकरी थापता थापता आपल्याच हातांकडं बघून तिला वाटायचं, बाया खोटं कुठं बोलतात?

मग ते साल आलं. बाजरी माणसाच्या डोक्यावर गेली होती, कणसं हातभर लांब. आणि ऐन सुगीत गावावर मानमोडीचा ताप आला. सकाळी विळा घेऊन गेलेला माणूस दुपारी बांधावर मान टाकायचा. खुडायला हात उरले नाहीत, उभं पीक पाखरांनी खाल्लं. पाटलांच्या अंगणात गोधडी नुकतीच अंथरली होती. आज एक बाई आली नाही, उद्या दुसरी आली नाही. शेवटी अर्धी शिवलेली गोधडी तशीच पडून राहिली, सुया टोचलेल्या, भोवती कुणी नाही.

आणि त्या तापाची थंडी अशी, की दात वाजून वाजून तुटायचे. गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण लोक जाळून टाकत. त्यामुळं मागं राहिलेल्यांच्या अंगावर घालायला काही उरत नव्हतं.

तेव्हा बयजा त्या अर्ध्या गोधडीशी जाऊन बसली. नको म्हणायला कुणी नव्हतं. तिनं सुई उचलली. ती गोधडी पुरी झाली तशी दुसरी अंथरली. स्वतःच्या ट्रंकेतला लग्नाचा शालू फाडला, नवऱ्याचं धोतर फाडलं, मेलेल्या लेकरांच्या कुंच्यासुद्धा उसवून आत घातल्या. तिची गोधडी पुरी झाल्याशिवाय सूर्य मावळायचा नाही, असं म्हणतात. तिच्या सुईतला दोरा तुटत नव्हता, असं म्हणतात. शिवलेली गोधडी खांद्यावर टाकून ती घरोघर जायची, आजाऱ्याला पांघरायची आणि तापानं कडू झालेल्या त्याच्या जिभेवर मोरावळ्याची फोड ठेवायची. बरणीत कितीही वेळा हात घातला तरी ती भरलेलीच.

दोरा सरला नाही, बरणी सरली नाही. माणसं सरत गेली.

एक दिवस मंजुळाबाई तिच्या दारात उभी राहिली. कपाळ मोकळं, केस सुटलेले. पोटाशी तान्ही नात. पोरीची आई आदल्या दिवशी गेली होती.

"बयजे, माझ्या घरात पांघरूण म्हणून चिंधी नाही उरली. हिला काहीतरी शिवून दे."

बयजा मागं सरली. "पाटलीणबाई, माझा टाका लेकराला नको, असं तुम्हीच म्हणायचात."

"म्हणायचे," मंजुळाबाई म्हणाली. "आता घाल. तुझ्या पाया पडते."

बयजानं अंगावरच्या लुगड्याचा पदर फाडला. असे मऊ टाके तिनं जन्मात घातले नव्हते. दुपटं पुरं झालं, तिनं पोरीला त्यात गुंडाळलं, मांडीवर घेतलं, पाकाचं बोट ओठांना लावलं. पोरीनं ते चोखलं. दोघी बाया एकमेकींकडं बघून हसल्या.

दिवस मावळायच्या आत पोर गेली.

मंजुळाबाई पोर उचलून घरी गेली. दोष दिला असता तर बरं झालं असतं. बयजा आपल्या हातांकडं बघत बसली.

पुढं मंजुळाबाईलाही ताप भरला. बयजाकडं आता एकच गोधडी उरली होती, तिची स्वतःची. ती घेऊन बयजा पाटलांच्या घरी गेली आणि मंजुळाबाईच्या अंगावर घातली.

मंजुळाबाईनं डोळे उघडले. "आणि तू काय पांघरशील?"

"मला नाही वाजत थंडी," बयजा म्हणाली. बोलताना तिचे दात वाजत होते.

मंजुळाबाई जगली. कशी जगली, का जगली, कुणाला सांगता आलं नाही. उठून चालता येताच ती बयजाच्या घराकडं गेली. बयजा उंबऱ्याला टेकून बसली होती, उघडीवागडी, अंगावर दव साचलेलं, बोटांत सुई. बरणी ठणठणीत कोरडी होती, जणू तिच्यात कधी काही नव्हतंच.

मंजुळाबाईनं खांद्यावरची गोधडी काढून तिच्या अंगावर घातली. गोधडी घसरून खाली पडली. पुन्हा घातली, पुन्हा पडली. "आक्का, पांघर गं," ती रडत म्हणाली. हिवरदऱ्यात बयजाला आक्का म्हणणारी ती पहिली. पण गोधडी अंगावर राहिली नाही, असं म्हणतात.

सरण रचायला माणसं नव्हती. उरलेल्यांनी तिला गावाच्या शिवेवर माती दिली आणि वर एक दगड ठेवला.

आजही सुगी उरकली की हिवरदऱ्याच्या बाया मिळून एक गोधडी शिवतात. गाणी म्हणत नाहीत. घराघरातून मोरावळ्याची एकेक फोड येते, ती एका वाडग्यात घालून दगडापुढं ठेवतात, गोधडी दगडावर पांघरतात आणि म्हणतात, "आक्का, पांघर गं." मग मागं न बघता घरी येतात.

सकाळी गोधडी खाली मातीत पडलेली असते. वारा पाडतो म्हणणारेही गावात आहेत. एका वर्षी कुणीतरी तिच्या चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवले होते. तरी पडली. बाया ती झटकतात, घडी घालतात आणि ज्याला कुणी नाही अशा माणसाच्या दारात नेऊन ठेवतात. पुढच्या सुगीला पुन्हा नवी शिवायला बसतात. एक ना एक वर्षी ती घेईल, असं म्हणतात. अजून तरी घेतलेली नाही.