वाटाड्याची लांबची वाट

फार जुनी गोष्ट आहे बरं का. नकाशे-बिकाशे तेव्हा कुठले असायला! दोन मुलखांच्या मध्ये एक उंच खिंड होती आणि खिंडीत एक हिमनदी पसरलेली. ती ओलांडून पलीकडे न्यायला एकच वाटाड्या होता.

पहाटे निघायचं, बर्फ टणक आहे तोवर हिमनदी पार करायची आणि दिवेलागणीच्या आत माणसाला पलीकडच्या गावात पोचवायचं, हे त्याचं काम. पोचलेला माणूस आपल्या माणसांच्या गळ्यात पडायचा, वाटाड्याला विसरायचा. दुसऱ्या दिवशी हा एकटाच परत. कडी काढायची ती यानंच, चूल पेटवायची तीही यानंच. अख्ख्या जगाला वाट दाखवणारा माणूस, पण त्याची वाट पाहणारं कुणी नव्हतं. कधी कधी तो उगाच मोठ्यानं खोकायचा, घरात जरा आवाज व्हावा म्हणून.

एकदा खालच्या गावातली एक म्हातारी आली. "बाबा, पलीकडं माझी धाकटी बहीण अंथरुणाला खिळलीय. आता काही खरं नाही, असा निरोप आलाय. आज संध्याकाळच्या आत पोचव रे मला."

"पोचवतो, आजी. काळजी सोडा."

म्हातारी मोठी बोलकी. एका पांघरुणात झोपून दोघी बहिणी कशा रोज ओढाताण करायच्या, ते तिनं सांगितलं. मग मध्येच थांबून म्हणाली, "आणि तू रे? एकट्याला भाकरी तरी नीट भाजता येते का?"

असं त्याला किती वर्षांत कुणी विचारलं नव्हतं! त्याचा ऊर भरून आला. पुढे वाटेला फाटा होता. उजवीकडची वाट सरळ हिमनदीवर जायची, डावीकडची तळ्याला वळसा घालून. 'घटकाभर उशीर झाला तर काय आभाळ कोसळतंय?' असं मनाशी म्हणत तो डावीकडे वळला.

"हीच ना रे वाट?"

"हीच, आजी."

आता काय बोलावं या माणसाला! तळ्याकाठी गप्पा रंगल्या. म्हातारी हसली, तोही पोटभर हसला. पण ऊन काही कुणाच्या गप्पांसाठी थांबत नाही. दोघं हिमनदीशी पोचली तेव्हा बर्फ भुसभुशीत झाला होता. त्यानं काठी टेकवली, तर ती निम्मी आत गेली.

"आता सकाळीच, आजी," तो मान खाली घालून म्हणाला. "मी तुम्हाला लांबच्या वाटेनं आणलं."

"का रे?"

"तुमच्याशी बोलायला."

खडकाच्या आडोशाला दोघं थांबली. जिच्यासाठी एवढं केलं ती सोबत आता सकाळपर्यंत होती. पण म्हातारी एक शब्द बोलली नाही.

सकाळी बर्फ टणक झाल्यावर ती दोघं पलीकडे उतरली. दारात म्हातारीचा भाचा उभा होता.

"मावशी, आई पहाटे गेली गं. दाराकडे डोळे लावून तुझी वाट पाहत होती."

वाट पाहत होती! वाटाड्या दारातूनच मागे फिरला.

तेरावं झाल्यावर तो न बोलावता तिला न्यायला गेला. सरळ वाटेनं आणलं. ती सबंध वाट मुकाट चालली. त्याचं घर आलं तशी मात्र थांबली. त्यानं कडी काढली. आतली थंडगार चूल तिला दिसली.

"वेड्या," ती म्हणाली, "'आजी, येताना चार दिवस राहा माझ्याकडं' एवढं म्हणाला असतास, तर राहिले असते रे मी. आनंदानं राहिले असते."

आणि ती उतरणीला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत तो दारात उभा होता. मग आत गेला. त्या दिवशी तो खोकलासुद्धा नाही.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: सोबत मागून घ्यावी, चोरून घेऊ नये.