सात दारे आणि एक ओटा

फार पूर्वी, औषधे दुकानात नव्हे तर रानात मिळत तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात मोठी वैद्यशाळा होती. तिला सात दारे. एका दारामागे फक्त डोळे पाहत, एकामागे हाडे, एकामागे श्वास, एकामागे हृदय, आणि असेच पुढे. अंगणात मात्र एक दगडी ओटा होता. तिथे बसणारे म्हातारे वैद्यबुवा कुणाचेही काहीही दुखणे ऐकून घेत. साधे असेल तर तिथेच औषध देत, अवघड असेल तर योग्य दार दाखवत.

बुवांची एक शिष्या होती. सहा वर्षांत ती सगळ्या शरीराची विद्या शिकली. आता पौर्णिमेपर्यंत तिला ठरवायचे होते, एखाद्या दारात शिरायचे की ओट्यावर राहायचे. एकदा ठरले की जन्मभर तेच.

घरच्यांना यात विचार करण्यासारखे काहीच दिसेना. हृदयाच्या वैद्याला पालखी होती. ओट्यावरच्या बुवांना साधी छत्रीही नव्हती.

“एवढं शिकून ओट्यावर बसणार का गं?” आई म्हणाली. मामांनी तर पालखीत कोण कोण बसणार हेसुद्धा ठरवून टाकले होते.

मुलीची पंचाईत वेगळीच होती. तिला सातही दारांचे कुतूहल वाटे. सकाळी डोळ्यांचे दार आवडे, दुपारपर्यंत हाडांचे.

पौर्णिमेच्या दिवशी एक विणकर धापा टाकत आला. ओट्यावर वेळ कशाला घालवा, म्हणून तो आधी परस्पर दोन दारे फिरला होता. पाय सुजले म्हणून हाडांच्या दारी तेल मिळाले, खोकला म्हणून श्वासाच्या दारी काढा.

मुलीने विचारले, “काका, झोपता कसे?”

“बसूनच. आडवं झालं की जीव गुदमरतो. पण झोपेचं कुणी विचारलंच नाही.”

तिने सूज, खोकला आणि ती झोप एकत्र जोडून पाहिली, नाडी बघितली आणि विणकराला हाताला धरून हृदयाच्या दारात नेले. तो आत गेला आणि तिच्यासमोर दार लागले.

संध्याकाळी निरोप आला, विणकर वाचला. मुलीला रडू आवरेना.

“बुवा, रोग ओट्यावर कळला, पण माणूस दाराआड वाचला. मग थोर कोण? मी कुठे जाऊ?”

“थोर कोण ते तुझ्या मामांना ठरवू दे,” बुवा हसले. “मला एवढंच सांग, ते दार लागलं तेव्हा तुझं मन कुठे होतं? त्याच्याबरोबर आत, की बाहेर?”

मुलीच्या डोळ्यांसमोर पालखी आली आणि क्षणभर तिला खोटे बोलावेसे वाटले.

“बाहेर,” ती हळूच म्हणाली. “ओट्याच्या रांगेतली पुढची बाई भर उन्हात कान बांधून उभी होती. ती तशी का उभी आहे, हेच माझ्या डोक्यात घोळत होतं.”

“आत असतं, तर तुझं गाठोडं मीच उचलून त्या दाराशी ठेवलं असतं,” बुवा म्हणाले आणि सरकून त्यांनी तिला जागा दिली.

मामा वर्षभर बोलले नाहीत. मुलगी मात्र रोज उजाडायच्या आत ओट्यावर हजर असे, आज कोण काय घेऊन येणार या उत्सुकतेने.

बऱ्याच वर्षांनी एक पालखी ओट्यापाशी थांबली. हृदयाचे वैद्य कण्हत खाली उतरले.

“काय होतंय तेच कळत नाही. कुठल्या दारात जाऊ?”

ती सरकून बसली. “या, बसा. आधी सांगा, झोपता कसे?”

तात्पर्य: मान कुठे मिळतो ते पाहू नये, आपले कुतूहल न सांगता जिथे वळते, तिथेच आपले काम असते.