सरकारांची विलायती बंदूक

हाक्याच्या शिकारीत तितर डोक्याजवळून सुसाट जातात, म्हणून छर्रे लगेच पसरवणारी, रुंद तोंडाची बंदूक लागते. आंबेवडीच्या सरकारांनी मात्र मिरवायला अरुंद तोंडाची विलायती बंदूक आणली आणि दिवसभरात एक पीसही पाडलं नाही. मग पाहुण्यांसमोर ते हाकाऱ्यांवर घसरले, "तुम्ही पाखरं माझ्याकडे आणलीच नाहीत. आज कुणाला शिधा मिळणार नाही."

सारजा सकाळपासून काट्याकुट्यातून हाका घालत होती, आणि घरी पोरं उपाशी होती. ती सरळ पुढे झाली.

"आणलीच नाहीत म्हणता, सरकार? मग कमरेचा काडतुसांचा पट्टा रिकामा कसा झाला? ढगांवर बार काढत होतात होय?"

पाहुणे पट्ट्याकडे बघायला लागले.

सरकार खाकरले. "पाखरं आली होती," ते कारभाऱ्याला म्हणाले. "शिधा द्या यांना."